वाऱ्यानं आणून ठेवलेलं

नामिब वाळवंटातली वाळू मूळची नामिबची नाही. ती डोंगरांतून आली आहे, आणि तेही जवळच्या नव्हे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या लेसोथो देशातल्या उंच पहाडांत ऑरेंज नदी उगम पावते, सुमारे २,२०० किलोमीटर पश्चिमेला वाहत जाते आणि अटलांटिकला मिळते. वाटेतले डोंगर झिजतात, नदी तो गाळ समुद्रात नेऊन ओतते, समुद्राचे प्रवाह आणि लाटा त्याला किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे ढकलत राहतात. मग किनाऱ्यावर पडलेली वाळू वारा उचलतो आणि आत आणून टाकतो. एकदा आत आलेली वाळू दहा लाख वर्षांहून अधिक काळ इथे फिरत राहिली आहे असं संशोधकांनी मोजून काढलं आहे. या काळात तिच्यातल्या लोखंडाला गंज चढतो. म्हणून समुद्राजवळच्या टेकड्या फिकट दिसतात आणि जसजसं आत जावं तसतशा तांबूस, मग जर्द तांबड्या होत जातात.

हे सगळं मला ताईनं विमानातच सांगून टाकलं होतं. ताईचं आयुष्य शाळेत भूगोल शिकवण्यात गेलं. वाळवंटाचा धडा तिनं इतक्या मुलांना शिकवला, पण स्वतः वाळवंटात पाऊल टाकलं नव्हतं. निवृत्तीनंतर कुठे जायचं हे तिचं कधीचंच ठरलेलं होतं आणि तिच्यासोबत मी जायचं हेही तिनंच ठरवलं.

नामिबिया हा सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा देश, आणि माणसं जेमतेम ३० लाख. राजधानी विंडहूकहून वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या सेसरिमला जाताना या आकड्यांचा अर्थ कळतो. डांबरी रस्ता संपतो, खडीचा सुरू होतो, आणि मग तासन्‌तास समोरून एखादी गाडी आली तर लांबूनच तिचा धुरळा दिसतो.

आमचं लॉज खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी होतं. दगडी जोत्यावर कॅनव्हासच्या भिंतींच्या खोल्या, पुढे लाकडी ओटा, ओट्यापुढे वाळलेल्या पिवळ्या गवताचं माळरान आणि त्याच्या पलीकडे क्षितिजाला टेकलेली तांबडी रांग. जुलै म्हणजे तिथला हिवाळा. दुपारी अंगावर पातळ सदरा पुरतो आणि रात्री बोटं गारठतात. जेवून खोलीत आलो तर गोधडीखाली गरम पाण्याच्या पिशव्या ठेवलेल्या. न्हाणीघरात नळाजवळ एक छोटी पाटी होती: हे पाणी जमिनीखालचं आहे, ते पुन्हा भरायला फार वर्षं लागतात. शॉवरखाली एक बादली ठेवलेली, गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी धरायला. सकाळी ती बादली एक बाई घेऊन जायच्या आणि स्वयंपाकघरामागच्या झाडांना घालायच्या.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे जातात तिकडे गेलो. राष्ट्रीय उद्यानाचं फाटक सूर्योदयाला उघडतं आणि त्याच्यापुढे गाड्यांची रांग आधीच लागलेली असते. आतला रस्ता साठेक किलोमीटर डांबरी आहे, शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळूचे. तिथे चारही चाकांना जोर असलेलीच गाडी चालते. दोन्ही बाजूंना टेकड्या सुरू होतात. त्यांतल्या एकीचं नाव ‘ड्यून ४५’, कारण ती फाटकापासून ४५ किलोमीटरवर आहे. पायथ्याशी गाड्या, धारेवर माणसांची रांग. आमच्या गाईडनं गाडी थांबवली नाही. पुढे गर्दी कमी असलेल्या एका टेकडीशी आम्ही उतरलो.

वाळूच्या डोंगरावर चढायची एक रीत आहे. उतारावरून सरळ वर जायचं नाही. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं आणि दम निघून जातो. धारेवरून चढायचं. दोन उतार जिथे भेटतात तिथे वाऱ्यानं वाळू दाबून बसवलेली असते. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं. ताई गाईडच्या मागे, मी तिच्या मागे. ती वीसेक पावलांवर थांबायची, श्वास घ्यायची आणि प्रत्येक थांब्यावर एखादा प्रश्न विचारायची. ही टेकडी सरकते का? गाईड म्हणाला, ही नाही. किनाऱ्याजवळच्या सरकतात, पण इथे वेगवेगळ्या ऋतूंत वेगवेगळ्या दिशांनी वारा येतो. उन्हाळ्यात समुद्राकडून, हिवाळ्यात पूर्वेकडून. एक वारा ढकलतो ते दुसरा परत आणतो, म्हणून वाळू पुढे न जाता वर चढते आणि टेकडीला चांदणीसारख्या अनेक धारा फुटतात. धारेचं टोक मात्र ऋतूप्रमाणे या अंगाला कलतं, त्या अंगाला कलतं.

“म्हणजे आपण चालतोय ती वाट दिवाळीपर्यंत राहणार नाही,” ताई मला म्हणाली.

मध्येच गाईडनं खिशातून एक लोहचुंबक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वाळूवरून फिरवलं. पिशवीवर बारीक काळी लव उभी राहिली. टेकडीच्या अंगावर ज्या काळपट लाटा दिसतात त्या या जड खनिजांच्या. वारा हलके कण पुढे उडवून नेतो आणि जड कण मागे ठेवतो, त्यामुळे लाटांचे माथे काळे दिसतात. ताईनं ती पिशवी हातात घेतली आणि बराच वेळ उन्हात धरून पाहत राहिली. सगळं आयुष्य फळ्यावर खडूनं काढलेला बाण आज तिच्या तळहातावर होता.

उतरताना धार सोडून सावलीच्या बाजूच्या उतारावरून खाली यायचं. हा उतार नेहमी तेवढाच असतो, ३० ते ३४ अंशांच्या दरम्यान. कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही, जास्त झाली की घसरते. टाच रोवली की पायाखालची वाळू जिभेसारखी सुटते आणि खाली वाहत जाते. आम्ही सगळे एकदम उतरलो तेव्हा आवाज आला. आधी तो पोटऱ्यांना जाणवला, मग कानांना. खोल, घुमणारा, दूर कुठेतरी विमान चालल्यासारखा. थांबलो की तोही थांबायचा. घसरणारे कोट्यवधी कण एकाच लयीत हलले की वाळू अशी बोलते. मला त्याचं शास्त्र त्या क्षणी नको होतं. ताईला हवं होतं.

या उद्यानातलं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे डेडव्हले. पांढऱ्या चिकणमातीचं सपाट तळं, भोवती तांबडे डोंगर, आणि तळ्यात काळी पडलेली झाडं उभी. त्साउचाब नावाची नदी नाउक्लुफ्टच्या डोंगरांतून येते, पण समुद्राला कधी मिळत नाही. वाळू तिला अडवते. चांगला पाऊस झाला तर पाणी सोसुसव्लेपर्यंत पोचतं आणि तिथे थोडे दिवस तळं साठतं. एके काळी ते डेडव्हलेपर्यंतही यायचं. मग वाळूनं ती वाट बंद केली. झाडं तहानेनं मेली, पण हवा इतकी कोरडी की कुजली नाहीत. सहा-सातशे वर्षं ती तशीच उभी आहेत. देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हा या फांद्यांवर पानं असतील. झाडं आपल्या बाभळीच्या भावकीतली आहेत, कॅमलथॉर्न म्हणतात त्यांना. जवळच्या सोसुसव्लेच्या काठावर तीच जात जिवंत उभी आहे. जाडजूड राखाडी शेंगांची, आणि सावलीत ओरिक्स हरणं बसलेली.

डेडव्हलेत एक गोष्ट मला सहन झाली नाही. माणसं त्या झाडांना टेकून, त्यांच्या फांद्यांवर चढून फोटो काढत होती. पाटी लावलेली, गाईड सांगत होते, तरी. सातशे वर्षं वारा, ऊन आणि वाळू सोसून उभं राहिलेलं लाकूड एका फोटोपायी मोडू शकतं. मोडलेली फांदी पुन्हा फुटणार नाही, कारण झाड मेलेलं आहे. आणि नवं झाड येणार नाही, कारण पाणी येत नाही. दहा पावलं लांब उभं राहिलं तरी ते झाड तितकंच दिसतं.

पण मला लिहायचं होतं ते खरं तर लॉजच्या मागच्या, नाव नसलेल्या टेकड्यांबद्दल. तिथे कोणी जात नव्हतं. गाईडनं सुचवलं की उजाडायच्या आत निघू, कारण वारा सुटला की रात्रीचं सगळं पुसलं जातं. आम्ही गरम चहा पिऊन अंधारात बाहेर पडलो. त्रिशंकू मावळला होता, पण आग्नेयेला अगस्ती वर आला होता, आणि दक्षिणेला दोन पुसट ढग होते जे हलत नव्हते. ते मॅगेलनचे मेघ, आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन दीर्घिका. आपल्याकडून त्या जवळजवळ दिसतच नाहीत. दिवे नसलेलं आकाश जपण्यासाठी लॉजनं बाहेर एकही उघडा दिवा ठेवला नव्हता; शेजारचं नामिबरँड हे राखीव क्षेत्र तर २०१२ पासून जगातल्या मान्यताप्राप्त काळोख्या आकाशांपैकी एक आहे.

तिरकं ऊन वाळूवर पडलं आणि आम्ही मान खाली घातली. जिथे आदल्या संध्याकाळी गुळगुळीत उतार होता तिथे ओळीच ओळी उमटल्या होत्या. दोन बारीक टिंबांच्या रांगा, मधे काही नाही: काळा भुंगा, इथे त्याला टोकटोकी म्हणतात, कारण तो पोट जमिनीवर आपटून टक टक असा आवाज करून जोडीदाराला बोलावतो. तिरप्या, एकमेकींना न जोडलेल्या रेघांची शिडी: वाळूत राहणारा, फुरशाच्या कुळातला लहान साप, अंग फेकत गेलेला. आणि एका गवताच्या झुबक्यापासून दुसऱ्याकडे गेलेली उंचवट्याची रेघ, मधेमधे थोडी खड्ड्यांनी तुटलेली. तिच्यापाशी गाईड गुडघ्यावर बसला.

ती गोल्डन मोलची वाट होती. हा प्राणी उंदराहून लहान, रेशमी लव असलेला, डोळे कातडीखाली झाकलेले. इथली वाळू इतकी सैल की बीळ टिकत नाही, म्हणून तो वाळूत पोहतो. रात्री वर येऊन चालतो, मधेच थांबतो आणि डोकं वाळूत खुपसतो. वाऱ्यानं गवताची मुळं हलतात, त्याचा थरथराट वाळूतून त्याला ऐकू येतो. गवत तिथे वाळवी. रेघेतले ते खड्डे म्हणजे तो थांबून ऐकत होता त्या जागा. एका झुबक्याशी वाट वळली होती, मग थेट दुसऱ्याकडे, पाच-सहा मीटर सरळ. काही दिसत नसताना इतकी सरळ रेघ. ताई वाकून ती रेघ मोजत गेली, बोटांच्या वितीनं, शेवटपर्यंत.

गवत फारच थोडं, मग ही वाळवी, हे भुंगे काय खातात? गाईडनं टेकडीच्या पाठीमागच्या वळचणीतून मूठभर कचरा उचलून दाखवला. वाळलेल्या गवताचे तुकडे, बिया, किड्यांचे पंख, सगळं वाऱ्यानं लांबून आणून इथे ओतलेलं. वाळूच्या आतल्या जीवांची अन्नसाखळी याच कचऱ्यावर उभी आहे. म्हणजे वाळू बाहेरून आली, नदी बाहेरून आली, जेवणही वाऱ्याच्या हातून बाहेरून आलं. आणि पाणी?

पाणी समुद्रातून येतं, धुक्याच्या रूपानं. किनाऱ्यालगत बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. त्यावरून जाणारी हवा गार होते, धुकं धरते आणि रात्री-पहाटे आत सरकते. युनेस्कोनं २०१३ साली नामिबच्या वाळूच्या समुद्राला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो याच कारणानं: धुक्यावर जगणारं, किनाऱ्याचं, इतकं विस्तीर्ण वाळूचं रान जगात दुसरं नाही. कुइसेब नदीच्या काठावर गोबाबेब नावाचं संशोधन केंद्र १९६२ पासून या धुक्याचा आणि त्यावर जगणाऱ्यांचा अभ्यास करतं आहे. किनाऱ्याच्या बाजूच्या टेकड्यांवर राहणारा एक भुंगा धुक्याच्या पहाटे थंडीतही धारेवर चढतो, वाऱ्याकडे तोंड करतो, पुढचे पाय वाकवून डोकं खाली घालतो. पाठीवर धुकं थेंबाथेंबानं साचतं आणि ओघळून तोंडाशी येतं. एका पहाटेत तो स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी पिऊ शकतो. दुसरा एक भुंगा वाऱ्याला आडवे चर खणतो, त्यांच्या कडांवर धुकं धरतं आणि तो कडा चाटत परत फिरतो. हे आम्ही पाहिलं नाही. आम्ही किनाऱ्यापासून फार आत होतो. पण त्याच सकाळी पश्चिमेकडून पांढरी पट्टी आली, टेकड्यांचे माथे तिच्यात बुडाले, आणि अर्ध्या तासानं विरली. गवताच्या पात्यावरून मी बोट फिरवलं तेव्हा ते ओलं झालं.

ऑरेंज नदीनं समुद्रात फक्त वाळू नेली नाही. तिनं हिरेही नेले, आणि त्याच लाटांनी, त्याच वाऱ्यानं ते दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर टाकले. १९०८ साली ल्युडेरिट्झ बंदराजवळ रेल्वेमार्गावरची वाळू उपसताना झकारियास लेवाला नावाच्या मजुराला एक चकाकता खडा दिसला. त्यानं आधी दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केलं होतं, त्यामुळे त्यानं तो ओळखला आणि आपल्या साहेबाला, आउगुस्ट श्टाउखला, नेऊन दिला. श्टाउख श्रीमंत झाला. लेवालाच्या हाती काही आलं नाही. तेव्हा इथे जर्मनांचं राज्य होतं, आणि त्याच वर्षी जर्मन सरकारनं तो सगळा मुलूख बंद केला. ती रेल्वे बांधताना इथल्याच हेरेरो आणि नामा जमातींच्या कैद्यांना राबवलं होतं, आणि त्यांतले असंख्य मेले. आज कोलमान्सकोप या हिऱ्यांपायी वसलेल्या आणि मग ओस पडलेल्या गावाच्या रिकाम्या हवेल्यांत वाळू खिडक्यांपर्यंत साचली आहे आणि लोक ते बघायला तिकीट काढून जातात. त्या हवेल्यांचे फोटो मी बरेच पाहिले होते. लेवालाचं नाव मात्र मला गाईडनं सांगितलं, आणि हे नाव या वाळूबरोबर सांगितलं गेलं पाहिजे असं मला वाटतं.

लॉजमध्ये राहताना एक हिशेब मनात येत राहिला. तिथलंही सगळं बाहेरून येतं. भाजी, पीठ, चादरी, डिझेल, पाहुणे, सगळं खडीच्या रस्त्यावरून ट्रक आणि गाड्या आणतात. एकच वस्तू तिथली असते: जमिनीखालचं पाणी. भोवतालच्या सगळ्या जिवांनी धुक्याच्या थेंबावर भागवायला शिकून घेतलंय. ओरिक्स दिवसेंदिवस पाणी न पिता काढतो. उन्हात स्वतःच्या अंगाचं तापमान वाढू देतो, म्हणजे घाम गाळून पाणी दवडावं लागत नाही, आणि मेंदूकडे जाणारं रक्त नाकात गार होऊन परतणाऱ्या रक्ताजवळून नेऊन थंड करतो. अशा जागी प्रत्येक खोलीपुढे खाजगी पोहण्याचा हौद बांधणारी लॉजेस आहेत, आणि जाहिरातीत तोच हौद आधी दाखवतात. मला हे चुकीचं वाटतं, आणि हे मी पाहुणी म्हणूनही म्हणते. वाळवंटात लॉज असू नये असं माझं म्हणणं नाही. तिथल्या गावांत रोजगार याच लॉजेसनी आणला आहे. आमचा गाईड शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरात वाढला आणि आज वाळूवरची रेघ वाचून पाहुण्यांना उभं करतो. पण खोली ठरवताना पाणी कुठून येतं आणि वापरलेलं कुठे जातं, हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. आमच्या बादलीवाल्या लॉजमध्ये आमचं काहीही अडलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी पाणवठ्याच्या कठड्याजवळ एक जोडपं भेटलं. उत्तरेकडच्या एटोशाहून नुकतंच आलं होतं. तिथे त्यांनी सिंह पाहिले होते, हत्ती पाहिले होते, आणि फोनमधले फोटो दाखवताना त्यांचे चेहरे उजळले होते. मग नवऱ्यानं विचारलं, “आणि इथे? वाळूशिवाय काही आहे का?”

त्यानं साधेपणानं विचारलं होतं, आणि ताईनंही तसंच घेतलं. तिनं टेबलावरचा कागदी रुमाल उलगडला, पेन काढलं आणि लेसोथोपासून सुरुवात केली. नदी, समुद्र, वाऱ्याचे बाण. मग टोकटोकीची टिंबं, सापाची शिडी, मोलची रेघ आणि तिच्यातले खड्डे. त्याची बायको ताईच्या बाजूला येऊन बसली. सूप आलं तेव्हा ताई धुक्यापर्यंत पोचली होती. तिचं इंग्रजी मोडकं आहे, पण त्या दिवशी कुठेच अडलं नाही. रुमाल संपला तेव्हा तिनं दुसरा घेतला.

नवऱ्यानं गाईडकडे वळून विचारलं, उद्या किती वाजता निघायचं.